‘दामटणे’ : एका क्रियापदाची वाटचाल

मागल्या महिन्यातली गोष्ट. रत्नागिरी गावातून स्टेशनवर जाण्यासाठी मी रिक्षात बसलो होतो. शेजारी एक वयस्कर पाहुणे होते. चढ लागला, रिक्षा कण्हू लागली, तसे ते अस्वस्थ झाले. पुढे वाकून म्हणाले, “अहो, जरा दामटा की. मांडवी चुकेल.” रिक्षावाला हसून म्हणाला, “काका, मांडवी तर मागं राह्यली. समुद्राकडं. आपण चाललोय स्टेशनात.” पाहुण्यांची मांडवी ही गाडी होती, आणि रिक्षावाल्याने थट्टेने काढली ती आमची बंदरावरची मांडवी. गैरसमज मिटला, पण पाहुण्यांची घाई काही मिटली नाही. ते पुन्हा म्हणाले, “ते असू दे, तुम्ही दामटा.” त्यावर रिक्षावाला म्हणाला, “रिक्षा दामटीन मी. खड्डे कोण दामटणार?”

गाडी मिळाली. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वाचकहो, आपण मराठी माणसे दिवसातून किती वेळा कोणाला ना कोणाला वेग वाढवायला सांगतो! “चल लवकर”, “पाय उचल”, “आटप”, “हात चालव”, “पळव गाडी”, “हाण”, “सोड आता” असे आणखी कितीतरी शब्द आहेत. पण त्या सगळ्यांत ‘दामटणे’ हे क्रियापद मला वेगळे वाटते. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातले एक पान आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात घडलेले आहे. तिथवर मी आपणांस नेणारच आहे. आधी शब्द नीट पाहू.

शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग वर्गात करून पाहावा. मुलांना सांगावे, ‘पळणे’ आणि ‘दामटणे’ ही दोन क्रियापदे घेऊन ‘मी’ने सुरू होणारी वाक्ये करा. “मी पळालो” हे वाक्य कोणीही करील. पण “मी दामटलो” असे कोणी म्हणणार नाही. म्हटलेच तर बाकीची मुले हसतील, आणि व्याकरण न शिकताही ती बरोबरच हसतील. ‘दामटणे’ सकर्मक आहे. त्याला कर्म लागते, म्हणजे ज्याला दामटायचे तो दुसरा कोणीतरी लागतो. घोडा दामटला, बैल दामटले, गाडी दामटली. पळणारा स्वतः पळतो, दामटणारा दुसऱ्याला पळवतो.

मग ‘पळवणे’ काय वाईट? त्यालाही कर्म लागते. खरे आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. “पाटलांचा घोडा पळवला” असे कोणी सांगत आला, तर घोडा भरधाव नेला की चोरून नेला, हे विचारावे लागते. “घोडा दामटला” म्हटले की चोरीची शंका येत नाही. घोडा जागेवर आहे, धापा टाकतो आहे, एवढे मात्र कळते.

या धापांतच शब्दाचा गाभा आहे. ‘दामटणे’ म्हणजे नुसता वेग देणे नव्हे, तर दाबून, रेटून, समोरच्याच्या मर्जीविरुद्ध वेग देणे. हा दाबण्याचा अर्थ वेगाशी काही संबंध नसतानाही टिकून आहे. आई दुपारी म्हणते, “पोराला दामटून निजवलं.” तिथे वेग कुठला? मूल तर स्थिर पडले आहे. पण त्याची उठण्याची इच्छा दाबली आहे. “त्याला दामटून खाली बसवला”, “दामटून खोटं बोलतो”, “आपलंच म्हणणं दामटत होता”, या सगळ्या वापरांत एक अंग दाबणाऱ्याचे आणि दुसरे दाबल्या जाणाऱ्याचे. वेगाचा अर्थ या दाबण्याच्या पोटातच आहे. आज मोटार चालवणाऱ्याला आपण “दाब” म्हणतो, आणि पायाखालचा खटका दाबला की वेग वाढतो. यंत्र आले तरी भाषेची कल्पना तीच राहिली.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना मी येथे थोडे बोलावून घेतो. पाठ्यपुस्तकात चाल, वेग आणि त्वरण असे तीन शब्द येतात, आणि मुले ‘त्वरण’पाशी अडखळतात. त्यांना नारळाचे उदाहरण द्यावे. सुमारे 20 मीटर उंच माडावरून नारळ सुटला, तर दर सेकंदाला त्याचा वेग सेकंदाला 9.8 मीटरने वाढत जातो. जमिनीवर यायला त्याला दोनच सेकंद लागतात, आणि आपटताना त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे महामार्गावरच्या एस.टी.इतका. माडाखाली खाट टाकू नये असे आजी सांगते ते उगीच नाही. हा वाढता वेग कसा मोजावा, हे इटलीतल्या गॅलिलिओने उतरत्या पाटावरून गोळे सोडून दाखवले, आणि 1638 साली ते छापले. पुढे न्यूटनने सांगितले की, बाहेरून बल लावल्याशिवाय वेग बदलत नाही. आमच्या ‘दामटणे’ने ही गोष्ट व्याकरणातच बांधून ठेवली आहे. दामटणारा असल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. नारळाला पृथ्वी दामटते, म्हणा हवे तर!

असो. आता घोड्याकडे येऊ, कारण हा शब्द मुरला तो घोड्याच्या संगतीत. “आपलेच घोडे दामटणे” हा वाक्प्रचार आपण सभा-संमेलनांत ऐकतो. चार जण बोलत असताना एकजण दुसऱ्याचे ऐकून न घेता आपलाच मुद्दा पुढे रेटतो, तेव्हा तो वापरतात. यात ‘आपलेच’ हा शब्द मला फार बोलका वाटतो.

मराठी फौजेत स्वार दोन तऱ्हेचे असत. सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची चाकरी, पत आणि बहुधा घरचे धान्यही गेले. म्हणून शिलेदार आपला घोडा जपून वापरी. शिवाजी महाराजांनी पागा आणि बारगीर यांवर अधिक भर दिला, त्यात शिस्तीचा विचार होता, तसाच हाही विचार असला पाहिजे. दुसऱ्याचा घोडा दामटणे सोपे, आपला दामटणे महाग. वाक्प्रचार या पागेतूनच निघाला, असे मी म्हणत नाही. पण आपले घोडे जो इतके दामटतो त्याला केवढा हव्यास असेल, हे त्यावरून उमजते.

आता एक गंमत पाहा. मराठे वेगासाठी प्रसिद्ध होते, पण त्यांच्या युद्धाच्या भाषेत वेग वाढवण्याचा मुख्य शब्द दामटण्याचा नाही. तो शब्द आहे ‘सडे होणे’. सडा म्हणजे एकटा, बिनलवाजम्याचा. बुणगे म्हणजे फौजेबरोबरचा बाजार, बायकामुले, तंबू, ओझ्याची जनावरे. ते सगळे मागे सुरक्षित ठेवून नुसते घोडे आणि हत्यार घेऊन निघाले, की फौज ‘सडी’ झाली. घोड्याला एक फटका जास्त मारून नव्हे, तर त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवून वेग मिळवायचा, हे शहाणपण त्या शब्दात आहे.

1727 च्या हिवाळ्यापासून 1728 च्या फेब्रुवारीपर्यंत पहिल्या बाजीरावाने निजामाला जालना, बऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात असे फिरवले. निजामाचा तोफखाना नावाजलेला, पण जड. बाजीरावाच्या मागे लागायचे तर तोफा मागे ठेवाव्या लागत, आणि तोफा सांभाळायच्या तर बाजीराव सापडत नसे. शेवटी तोफा मागे सोडून निजाम पुढे आला, आणि वैजापूरजवळ पालखेड येथे पाण्याविना कोंडला गेला. 6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. उलट 1760-61 साली पानिपतच्या वाटेवर बुणग्यांचे ओझे किती नडले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. एकाच लोकांनी एकदा ओझे टाकून जिंकले आणि एकदा ओझ्यापायी गमावले, यावर वर्गात एक तास सहज बोलता येईल.

पण मी आपणांस जे पान दाखवणार म्हणालो, ते याहून जुने आणि जवळचे आहे. ते संगमेश्वराचे आहे.

1689 सालचा प्रारंभ. छत्रपती संभाजीराजे विशाळगडाकडून रायगडाकडे जाताना संगमेश्वरी थांबले होते. कसबा संगमेश्वर हे शास्त्री नदीच्या खोऱ्यातले, डोंगरांच्या कुशीतले गाव. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना त्याची सुरक्षितता वेगळी सांगायला नको. वर सह्याद्रीचा कडा, खाली दाट रान, आणि वाट म्हणजे एका वेळी एक जनावर जाईल अशी. देशावरून शत्रूचे घोडदळ येथे यायचे तर दिवसचे दिवस लागतील, आणि ते येताना चार गावांत बोभाटा होईल, हाच कोणाचाही हिशेब असणार.

औरंगजेबाचा सरदार शेख निजाम, ज्याला मुकर्रबखान म्हणतात, तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला होता. राजे थोड्या लोकांनिशी संगमेश्वरी आहेत, अशी खबर त्याला लागली. त्याने सगळी फौज घेतली नाही. निवडक स्वार घेतले, मुलगा इखलासखान बरोबर घेतला, आणि घाटवाटांनी तो खाली उतरला. ती उतरण घोड्यांची नाही. जिथे माणूस हाताने झाड धरून उतरतो, तिथे जनावर दामटावे लागते. वाटेत माणसे गळली, घोडी गळली. तरी तो थांबला नाही. 1 फेब्रुवारी 1689 रोजी तो संगमेश्वरी येऊन ठेपला. चकमक झाली. म्हाळोजी घोरपडे त्यात पडले. संभाजीराजे आणि कवि कलश पकडले गेले. पुढचे सव्वा महिन्याचे हाल आणि 11 मार्चचा शेवट आपणांस माहीत आहे. तो मी येथे पुन्हा सांगत नाही.

‘मासिर-इ-आलमगिरी’ लिहिणारा साकी मुस्तैदखान म्हणतो की, हेरांनी राजांना खबर दिली होती, पण एवढ्या आडवाटेने मोगल फौज येऊ शकेल यावर त्यांचा विश्वास बसला नाही. हे शत्रूपक्षाचे लिखाण आहे, तेव्हा त्यातला राजांना कमीपणा आणणारा भाग चाळणी लावूनच घ्यावा. पण एक गोष्ट त्यातून निघते ती मला खरी वाटते. संगमेश्वरचा बंदोबस्त तटाबुरुजांचा नव्हता. तो वाटेच्या अवघडपणाचा होता, म्हणजे शत्रूच्या सावकाश येण्याचा होता. मुकर्रबखानाने संगमेश्वरची भिंत फोडली नाही, त्याने तो सावकाशपणा फोडला. आणि तो फोडताना त्याने मराठ्यांचीच रीत उचलली. आधी सडा झाला, मग घोडे दामटले. मोगलांना हे जमणार नाही, ते हत्ती-तंबूंशिवाय हलत नाहीत, ही समजूत आपल्याकडे तेव्हाही होती. एका सरदाराने ती एकदाच खोटी पाडली, आणि ते एकदा पुरले.

याच्या उलट्या बाजूची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. संगमेश्वरी पडलेल्या म्हाळोजींचा मुलगा संताजी घोरपडे. पुढली सात-आठ वर्षे संताजी आणि धनाजी जाधव यांनी आपल्या चपळ हालचालींनी मोगल छावण्यांना जे हैराण केले, त्याला तोड नाही. बाप ज्या वेगाने गेला, तोच वेग मुलाने हत्यार म्हणून उचलला, असे मी वर्गात सांगतो. माझा इतिहासाचा एक मित्र म्हणतो, हे जरा नाटकी आहे. असेल. पण मुलांच्या लक्षात राहते.

आता कोकणच्या माणसाला रास्त शंका येईल की, घोडे दामटण्याच्या गोष्टी देशावरच्या झाल्या. आमच्याकडे घोडे होते कुठे? जांभ्याचे कातळ, उतार, खाड्या, पाणंदी. इथे माणूस पायाने चालला, ओझे डोईवर नाहीतर बैलाच्या पाठीवर गेले. अगदी बरोबर. म्हणून कोकणच्या वेगाचा मूळ शब्द दुसरा आहे, आणि तो ‘हाक’ या शब्दाच्या घरचा आहे.

बैल हाकणे, त्यात हाक आहे. पाठीमागून आवाज द्यायचा आणि जनावराने चालायचे. नको असलेल्याला हाकलायचे. रानात शिकारीला हाका घालायचा. घर किती लांब, तर हाकेच्या अंतरावर. आणि गलबत निघाले की ते ‘हाकारले’, शिडे ‘हाकारली’. मला हा शब्द विशेष आवडतो. बैलाला हाक ऐकू येते, पण गलबताला कान कुठले? तरी शब्द तोच. शीड चढवायचे, वाऱ्याची वाट पाहायची, आणि वारा आला की पुढे जायचे. इथे दामटणे चालत नाही. तांडेल कितीही उतावळा असला तरी त्याला वारा दामटता येत नाही. पडाव उभा राहतो तो वारा पडला म्हणून, आणि त्यावर कोणाची तक्रार चालत नाही. ज्याच्या आजोबांनी असा प्रवास केला, त्याच्या तोंडी “निघू हो, वारो येऊंदे” हे आळसाचे बोलणे नाही, तो अनुभव आहे. देशावरच्या मित्रांनी आम्हांला सुस्त म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे!

पुढे आगबोटी आल्या. तिला वाऱ्याची गरज नव्हती. मुंबईचा चाकरमानी बोटीने रत्नागिरीच्या धक्क्यापाशी येई, होडीत उतरे, आणि किनाऱ्याला लागे. तरी पावसाळा आला की ती वाहतूक बंद होई. वाफेचे यंत्रही जून ते ऑगस्टचा समुद्र दामटू शकले नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि यथावकाश घाटातून ती आमच्याकडेही उतरली. तिच्याबरोबर घाटाच्या वळणावर एक पाटी आली, ‘अति घाई, संकटात नेई’. मला वाटते, महाराष्ट्रात सर्वांत जास्त लोकांनी वाचलेले यमक हेच असावे.

आणि मग रेल्वे. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि जवळच पानवळ नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल. डोंगर फोडला, दरी ओलांडली. ज्या सावकाशपणावर संगमेश्वर एकेकाळी विसंबले होते, तो सावकाशपणा आता उरला नाही. संगमेश्वरला आज गाडी थांबते.

पण 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ पावसात दरड आली आणि गाडी घसरली. पन्नासच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्याच वर्षी, 2004 च्या जूनमध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला पावसातच अपघात झाला. पावसाळ्यासाठी या मार्गाचे वेगळे वेळापत्रक असते, आणि त्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दरडीच्या जागी रात्रंदिवस गस्त असते. रेनकोट घातलेला, हातात बत्ती घेतलेला माणूस रुळांच्या कडेने चालत असतो. खिडकीतून तो क्षणभर दिसतो. गाडीचा वेग त्याच्या चालण्यावर अवलंबून असतो, हे आत बसलेल्या आपल्याला सुचत नाही.

‘दामटणे’च्या उलट आपल्या खेड्यात जो शब्द आहे तो ‘दमाने’. “दमानं घे”, “दमानं चाल”. दोन शब्द कानाला सख्खे वाटतात, पण तेवढ्यावरून ते एका घरचे ठरवू नयेत. तो निर्णय व्युत्पत्ती जाणणाऱ्यांचा. मला वापरापुरते बोलायचे आहे. ‘दमाने’ हा शब्द सांगणारा समोरच्याच्या छातीतला दम पाहून सांगतो, आणि ‘दामट’ म्हणणारा तो न पाहता सांगतो.

शाळेत हा शब्द अलीकडे मला फार ऐकू येतो. “अभ्यासक्रम दामटून संपवला” असे शिक्षकच एकमेकांना म्हणतात. मार्चची परीक्षा दाराशी आली की मीही तसेच म्हणतो आणि तसेच करतो, तेव्हा दुसऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. फक्त एकदा असे झाले की, मी फळ्यावर 1689 हे साल लिहीत होतो, तास संपत आला होता, आणि मी घाईघाईने संगमेश्वर उरकून जिंजीकडे निघालो होतो. मागल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो कसब्याकडचाच होता. म्हणाला, “सर, थांबा ना जरा. आमच्या गावातून इतक्या लवकर कुठं चाललात?”